नव्वदच्या पुढे धडधड

तुमच्या गाडीतल्या म्युझिक सिस्टीमचा आवाज हल्ली जरा जास्तच मोठा असतो का? मग एकदा बंद करून बघा. मी महिनाभर तो मोठा ठेवून फिरले आणि का, ते मला चांगलंच ठाऊक होतं.

माझी सेकंडहँड हॅचबॅक नव्वदच्या पुढे गेली की थरथरायची. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये नव्वद कोण मारतंय म्हणा! पण एक्स्प्रेस वेवर खालून धडधड सुरू. एका सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवली, तर एक चक्करही न मारता त्यांनी लिस्ट हातात ठेवली. इंजिन माउंटिंग, सस्पेन्शन, ड्राइव्ह शाफ्ट... एकूण एकतीस हजार. मी 'कळवते' म्हणून जी सटकले, ती आवाज वाढवूनच थांबले.

जुलै २०२५मध्ये अर्जुनी मोरगावला घरी निघाले. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला ठरलं होतं आणि 'एसटी नको, मी गाडी घेऊन येते' हा माझाच हट्ट. समृद्धी महामार्गावर कारला १२०ची परवानगी, आणि मी आपली पंच्याऐंशीला चिकटून. सगळं जग हॉर्न देत पुढे जात होतं.

दुसऱ्या दिवशी रोवणी बघायला म्हणून बाबांना बसवून गाडी थेट बांधीपर्यंत नेली. चिखलात रुतली, ढकलून काढली. परत येताना डांबरी रस्त्यावर साठलाच स्टिअरिंग हातात नाचायला लागलं.

"रस्ता खराब आहे, बाबा."

"रस्ता नाही, बेटा. थांबव." मागून बाबा. "हातात थरथरते का बुडाखाली?"

मी विचार केला. खरं तर पहिल्यांदाच. "आता हातात. पुण्याहून येताना सीटखाली."

"मंग दोन रोग आहेत."

माझे बाबा मेकॅनिक नाहीत. गोंदिया हा राइस मिलवाल्यांचा जिल्हा आणि बाबांची तीस वर्षं मिलमध्ये मशीन सांभाळण्यात गेली. गाडी त्यांना चालवता येत नाही. पण कुठलंही यंत्र दिसलं की आधी त्यावर तळवा ठेवायची सवय अजून गेलेली नाही.

पहिला रोग पाच मिनिटांत सापडला. पुढच्या चाकांच्या रिममध्ये आतल्या बाजूने चिखल थापला गेला होता. बाबांनी काडीने खरवडला, मी बादलीने धुतला. स्टिअरिंग एकदम शांत! एवढ्याशा चिखलाने काय होतं, असं वाटतं ना? मी रात्री हिशोब मांडला. ताशी शंभरला माझ्या गाडीचं चाक सेकंदाला जवळजवळ पंधरा गिरक्या घेतं. रिमला पन्नास ग्रॅम चिखल एकाच जागी चिकटला, तर तो प्रत्येक गिरकीत चाकाला सात-आठ किलोच्या जोराने बाहेर ओढतो. वेग निम्मा केला की हा जोर चौथाईवर येतो. म्हणून गावात काही कळत नाही.

मला वाटलं, जिंकलो. बाबा म्हणाले, "बुडाखालचं राहिलं ना अजून."

मिलमध्ये मशीन थरथरली की ते आधी पट्टा काढायचे. पट्टा काढूनही मोटर हलत असेल तर दोष मोटरमध्ये, नाहीतर पुढे. गाडीचा पट्टा कसा काढायचा? न्यूट्रल! सकाळी नवेगावबांधच्या बाजूला मोकळा, सरळ रस्ता बघून मी नव्वद गाठले, अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि क्षणभर गिअर काढला. (इंजिन बंद करायचं नाही हं, ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात.) इंजिन आयडलिंगला आलं, धडधड तशीच. म्हणजे इंजिन सुटलं, माउंटिंग सुटलं. ड्राइव्ह शाफ्टची थरथर बहुधा गाडी ओढ घेताना येते, म्हणून त्याच्यावरचाही संशय उडाला. ब्रेक मारल्यावर वाढत नव्हती, म्हणजे डिस्कही नाही. एकतीस हजारांची जवळपास सगळी लिस्ट दहा सेकंदांत रद्द! मी ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. 'बग नक्की कधी येतो ते आधी लिही' असं दिवसभर ज्युनिअर्सना ऐकवते. असो.

घरी येऊन मागचं डावं चाक जॅकवर घेतलं. बाबांनी टायरजवळ विटेवर एक काडी टेकवून धरली आणि मला चाक फिरवायला सांगितलं. टक. एक गिरकी. टक. पुन्हा एक गिरकी. टक. दर फेरीला एकाच जागी टायर काडीला लागत होता. चाक काढून उलटं केलं, तर आतल्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा. कुठल्या तरी खड्ड्यात आपटून आतले धागे तुटले असणार. बाहेरून उभं राहून बघितलं तर टायर मस्त, खाचाही खोल. कडेला बारीक अक्षरांत शेवटचे चार आकडे होते, २३१८. म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. सात वर्षांचा म्हातारा! मी गाडी घेतली २०२२मध्ये, आणि हे आकडे कधी वाचलेच नव्हते.

बाबा काही बोलले नाहीत. मीच मोजत बसले... समृद्धीवरचे ते तास, ते गरम काँक्रीट. आणि परवा नागपूरला जाताना बाबा नेमके याच चाकावर बसणार होते, शेजारी आई.

"मले कालच लागलं होतं बुडाखाली," ते शेवटी म्हणाले. "तू म्हटलीस रस्ता खराब आहे."

स्टेपनी लावून चाळीसच्या स्पीडने साकोली गाठलं. मागचे दोन्ही टायर बदलले, बॅलन्सिंग केलं. नऊ हजार आणि वर थोडे. फुग्याचा टायर दुकानदार ठेवून घेत होता, पण बाबांनी तो परत आणला. आता त्यात आईची तुळस आहे.

ऑपरेशनच्या दिवशी भंडाऱ्याच्या पुढे मी हळूच नव्वद केले. म्युझिक बंद. आरशात बघितलं, तर बाबांचा तळवा सीटवर सपाट टेकलेला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही नाही म्हणत." मग जरा थांबून, "डाव्या दारात काहीतरी वाजते."

"तो माझा डबा आहे," आई म्हणाली.