साठ टाके, चार गळलेले

आयर्लंडच्या पश्चिमेला, अटलांटिकच्या ऐन तोंडावर अरनची तीन बेटं आहेत. तिथल्या जाड, पांढुरक्या स्वेटरची गोष्ट दुकानादुकानांतून सांगतात: प्रत्येक घराण्याची वीण वेगळी. बुडालेला कोळी किनाऱ्याला लागला, की विणीवरून त्याचं घर ओळखायचं. तुमचं आडनाव सांगा, तुमची वीण दाखवतो!

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पण गोष्ट खरी नाही. ती बहुधा एका नाटकावरून निघाली. जॉन मिलिंग्टन सिंगचं ‘रायडर्स टू द सी’ हे नाटक १९०४ साली रंगभूमीवर आलं. त्यात बहिणीला बुडालेल्या भावाची ओळख पटते ती पायमोज्यावरून. तो तिनंच विणलेला. साठ टाके घातलेले, त्यातले चार गळलेले. घराण्याची वीण नव्हेच ती, तिचा हात होता.

हल्ली आयर्लंड-स्कॉटलंडच्या केल्टिक वारशाचे टिकाऊ कपडे करायला बसणारा आधी नक्षीतल्या वेटोळ्यांकडे, गाठींकडे वळतो. मी म्हणेन, बाही बघा. स्कॉटलंडच्या एरिस्के बेटावर कोळ्यांची जर्सी गोल विणतात, शिवण नाही. बाही खांद्यापासून मनगटाकडे उतरत येते. विणकाम उसवतं ते शेवटच्या टाक्याकडून. आणि दोर ओढून ओढून आधी विरतं तेही मनगटच. तेवढंच उसवायचं, टाके सुईवर उचलायचे, नव्या लोकरीनं पुरं करायचं. मनगटाकडून वर विणत नेलेली बाही अशी सरळ उसवतच नाही. (आई जुने स्वेटर उसवून लोकर किटलीच्या वाफेवर सरळ करायची, ते आठवलं.)

रंगाचं मात्र मला अवघड वाटतं. स्कॉटलंडच्या बेटांवर खडकावरचं क्रॉटल खरवडून लोकरीबरोबर उकळत. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं ते चुलत भावंड. तांबूस-तपकिरी, सुरेख रंग. पण दगडफूल वाढतं फार सावकाश. नैसर्गिक म्हणून खरवडत सुटलं तर खडक उघडे पडतील. कोळी तर क्रॉटलचे मोजे घालून समुद्रावर जातच नसत. खडकावरून आलेलं खडकाकडेच परतणार, अशी धास्ती.

मी विणायला घेतलेला स्वेटर बिनरंगाचाच ठेवलाय. डावी बाही कोपरापर्यंत आली आहे. एक गुंडा तेवढा बाजूला काढून ठेवलाय, मनगटासाठी.