शेजाऱ्यांच्या दारात

आपल्या घरांत एक न्यायालय पूर्वापार चालत आले आहे. तिथे वकील नाही, कलम नाही, तारीख पडत नाही. मुलाने शेजाऱ्यांची काच फोडली की आई त्याचा कान धरून त्याला त्यांच्या दारात उभे करते आणि म्हणते, "सांग काय केलंस ते!" आरोपीच्या तोंडून शब्द फुटत नाही, डोळ्यांतून मात्र गंगायमुना वाहू लागतात. काचेचे पैसे खाऊच्या पैशांतून वळते होतात, आणि शेजारच्या काकू त्याच्याच हातावर लाडू ठेवतात. खटला निकालात!

१९७४ साली कॅनडातल्या एल्मायरा या छोट्या गावी दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. टायर फाडले, खिडक्या फोडल्या. गुन्हा कबूल झाला. आता तुरुंग ठरलेलाच. पण मार्क यांत्झी या प्रोबेशन अधिकाऱ्याने सुचवले, की या पोरांना त्या लोकांसमोरच का उभे करू नये? न्यायाधीश गॉर्डन मॅक्कॉनेल यांनी ते मानले. दोघे दारोदार गेले, कुणाचे किती नुकसान झाले ते ऐकून घेतले, आणि काही महिन्यांत भरपाई केली. न्यूझीलंडने तर १९८९ मध्ये कायदाच केला. तिथे मुलगा, त्याचे कुटुंब, पोलीस आणि ज्याचे नुकसान झाले तो, असे सारे एकत्र बसून पुढचे ठरवतात.

तुम्ही म्हणाल, मग धाक तो काय राहिला? माझे एक वकील स्नेहीही हेच म्हणतात. मी त्यांना आमच्या इमारतीतली हकीगत सांगतो.

आमच्याकडे एका निवृत्त मास्तरांची सायकल गेली. चौदा वर्षांच्या दोघा मुलांनी ती भंगारवाल्याला विकली होती. एक तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरसाहेबांचा चिरंजीव, दुसरा आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा मुलगा. सभा भरली. पहिल्याबद्दल सारे म्हणाले, "वयच अवघड असतं हो!" दुसऱ्याबद्दल म्हणाले, "पोलिसांत द्या, जन्माची अद्दल घडेल." सायकल एक, चोरी एक, पण एकाची ती खोडी आणि दुसऱ्याचा तो गुन्हा!

मास्तर शांतपणे म्हणाले, "दोघांनी मिळून नेली ना? मग दोघांनाही माझ्याकडे पाठवा. आणि दोघांच्या आयांनाही."

त्यांनी ना उपदेश केला, ना हात उगारला. एवढेच सांगितले, की गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही. सायकल गेल्यापासून मंडईत जाणे बंद झाले आहे. मुलांना हे ठाऊकच नव्हते. त्यांच्या लेखी ती जिन्याखाली धूळ खात पडलेली एक जुनी सायकल होती. इंजिनिअरसाहेबांचा चिरंजीव आधी रडला. मग ठरले: जुनी का होईना, पण चालती सायकल दोघांनी मिळून आणून द्यायची, आणि ती येईपर्यंत मास्तरांची भाजी-औषधे आळीपाळीने आणायची. पोलिसांसमोर उभे राहणे याहून सोपे गेले असते, असे मला त्या मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहून वाटले.

सगळेच गुन्हे असे दारात मिटत नाहीत, हे मलाही समजते. ज्याला इजा झाली त्याच्यावर अशा भेटीची सक्तीही करता येणार नाही. पण शक्य तिथे कोर्टाची वाट टाळावी, हे तत्त्व आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यातही आहे. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजसेवक बसतात. समज देणे, समुपदेशन, समाजसेवेचे काम, असे आदेश मंडळ देऊ शकते.

आपल्या मुलांना ही सवलत कायद्यावाचूनही मिळत आली आहे. आई कान धरून नेते, बाबा पैसे भरतात, शेजारी विसरून जातात. प्रश्न आहे तो ज्याच्या आईला आपल्या दारात नुसते उभे राहण्याचीही भीती वाटते, त्या मुलाचा. त्याच्यासाठी कायदा हवा. आणि कायद्याच्या आधी, दार उघडणारे एखादे मास्तर हवेत.