स्टॉपर

फुटबॉलमध्ये स्टॉपरची आठवण बहुधा गोल खाल्ल्यावरच निघते. त्यामुळे मला ज्या खेळाडूचं वेड लागलं त्याचं नाव घेतलं की लोक आधी हसतात. मार्को मॅटेराझी. "झिदानने डोकं मारलं तो?" हो, तोच.

आम्ही सिल्व्हर पार्कला राहायला आलो तेव्हा मीरा-भाईंदर रोडच्या कडेला इमारती उठत होत्या आणि मधूनमधून मोकळे प्लॉट शिल्लक होते. जुलैत त्यांत पाणी साचलं की रेनी फुटबॉल सुरू. मी उंच आणि पळायला मंद, म्हणजे स्टॉपरच. ड्रिबल करणारी पोरं पुढे, आणि मागे उभं राहून "बाहेर मार, बाहेर मार" असं ओरडायचं काम माझं. चिखलात चेंडू पायाशी ठेवून सौंदर्य दाखवायला गेलं की गोल बसायचा. हे शहाणपण प्लॉटवरच मिळालं. कोच वगैरे कुणी नव्हता.

मॅटेराझीचे वडील ज्युसेप्पे प्रशिक्षक होते. पोराच्या वाट्याला मात्र मोठा क्लब लगेच आला नाही. सिसिलीत मार्साला, ट्रापानी अशा खालच्या दर्जाच्या संघांकडून तो खेळला. त्या दोन गावांमधला किनारा मिठागरांचा आहे हे पुढे कळलं, तेव्हा भाईंदरच्या मिठागरांशेजारी वाढलेल्या मला उगाच नातं जुळल्यासारखं वाटलं. मग पेरुजा, मध्ये एक वर्ष इंग्लंडात एव्हर्टन, पुन्हा पेरुजा. 2000-01 च्या मोसमात या बचावपटूने सेरी आमध्ये 12 गोल केले. पुढे दहा वर्षं इंटर मिलान.

पण मला तो सापडला 2006 च्या वर्ल्ड कपमध्ये, आणि तोही राखीव म्हणून. पहिल्या पसंतीचा स्टॉपर होता अलेस्सांद्रो नेस्टा. देखणा, शांत, टॅकल असा की घसरतानाही कपड्यांची इस्त्री मोडू नये. चेकविरुद्ध नेस्टा जखमी झाला, मॅटेराझी उतरला आणि थोड्याच वेळात हेडरवर गोल करून बसला. पुढच्याच ऑस्ट्रेलियाच्या सामन्यात लाल कार्ड! हा माणूस असाच. नेस्टा होणं आपल्याला जमणार नाही हे मला ठाऊक होतं. हा मात्र आमच्या प्लॉटवर खपला असता.

9 जुलैची बर्लिनची फायनल आपल्याकडे रविवारी रात्री साडेअकराला सुरू झाली. सातव्या मिनिटाला फ्रान्सला पेनल्टी, दोषी मॅटेराझी. झिदानने ती अलगद क्रॉसबारला लावून आत टाकली. एकोणिसाव्या मिनिटाला पिर्लोचा कॉर्नर, आणि व्हिएरासारख्या धिप्पाड माणसाच्या डोक्यावरून मॅटेराझीचं हेडर. बरोबरी. फायनलमध्ये आपल्यामुळे गोल बसल्यावर उरलेला वेळ मान खाली घालून काढणारे पुष्कळ असतात. हा बारा मिनिटांत हिशेब चुकता करून आला. एकशे दहाव्या मिनिटाला झिदानचं डोकं त्याच्या छातीत बसलं, ते जगाने पाहिलं. नंतर शूटआउटमध्ये त्याने आपली पेनल्टी शांतपणे मारली आणि इटली 5-3 ने जिंकली, हे सांगावं लागतं.

सोमवारी सकाळी लोकलमध्ये दुसरा विषयच नव्हता. "बोलला काय असेल रे तो?" यावर पत्ते खेळणाऱ्यांतल्या एका काकांनी निकाल दिला, "त्याने आधी डोकं खाल्लं, मग याने डोकं मारलं." डबा हसला. झिदानच्या बहिणीवरून बोललो, हे मॅटेराझीने पुढे स्वतःच सांगितलं, आणि त्याचं समर्थन मी करत नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, 11 जुलैला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यांतला एक आमच्या मीरा रोड-भाईंदरच्या पट्ट्यात. फोन लागत नव्हते. मी हायवेने चालत निघालो. रस्त्याच्या कडेला अनोळखी माणसं पाणी आणि बिस्किटं घेऊन उभी होती. काशीमीऱ्याचं वळण घेऊन सिल्व्हर पार्कला पोचलो तेव्हा आई इमारतीखाली, इतर आयांबरोबर उभी होती. त्यानंतर डब्यात किती तरी दिवस फुटबॉल निघाला नाही. आजही त्या फायनलची तारीख मला पुढच्या तारखेशिवाय आठवत नाही.

आठ वर्षांनी इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि चेन्नईयिन एफसीने खेळाडू-प्रशिक्षक म्हणून आणला मॅटेराझीला. तीन वर्षांपूर्वी इंटर सोडलेला, मुख्य प्रशिक्षकाचा अनुभव शून्य. त्याने काय करावं? 38 वर्षांच्या नेस्टालाच खेळायला बोलावलं! ज्याच्या दुखापतीने आपल्याला वर्ल्ड कप दाखवला त्याला संघात घेणारा प्रशिक्षक मला तरी फार आवडला.

2015 च्या डिसेंबरात चेन्नईत महापूर आला आणि त्यांचा घरचा उपांत्य सामना पुण्यात बालेवाडीला हलवला. 12 तारखेला शनिवार होता, मी गेलो. कोलकात्याविरुद्ध 3-0. पण माझे डोळे टचलाइनवर. पुढचे गोल करत होते आणि हा सव्वासहा फुटी माणूस हातवारे करून मागच्यांनाच जागेवर ओढत होता. तीन गोलांनी पुढे असतानाही! मला ते फार ओळखीचं वाटलं. परतीच्या सामन्यात कोलकाता 2-1 ने जिंकली, तेव्हा त्या हातवाऱ्यांचा अर्थ कळला असेल.

दोन सामन्यांच्या बेरजेवर चेन्नईयिनच पुढे गेली. फायनल फातोर्ड्याला, झिकोच्या एफसी गोवाविरुद्ध. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा 2-1 ने पुढे. मग गोव्याचा गोलरक्षक कट्टीमनी याच्या नावावर स्वयंगोल, आणि भरपाई वेळेत मेंडोझाचा गोल. 3-2. मॅटेराझी विजेता प्रशिक्षक. पुढच्या मोसमात तोच संघ आठांत सातवा आला आणि 2017 मध्ये मॅटेराझी गेला.

आता आमच्या रस्त्यावर मेट्रोचे खांब आहेत, प्लॉट नाहीत, आणि पोरं तासावर टर्फ घेतात. रविवारी मीही जातो, बाहेर उभा राहतो. सगळ्यांना मेस्सी व्हायचंय. भाच्याला मी बर्लिनचा व्हिडिओ दाखवला, एकोणिसाव्या मिनिटाचा. त्याने तो दोनदा पाहिला.

"मामा, हा स्टॉपर ना? मग इतक्या वर काय करतोय?"

"कॉर्नर आहे. उंच माणूस वर जातो."

"आणि बॉल उलटा आला तर मागे कोण आहे?"

त्या दिवशी मी त्याला स्टॉपरला उभा केला. कुरकुरला, पण उभा राहिला.