जुडास ते अंकुश

२०१२च्या नोव्हेंबरात पुण्यात, हडपसरच्या अमनोरात ‘एनएच७ वीकेंडर’ हा संगीत महोत्सव भरला आणि अमेरिकेचा मेगाडेथ हा बँड तिथे वाजवून गेला. पण पुण्याच्या रंगभूमीनं रॉकचा गळा त्याच्या चौतीस वर्षं आधीच ऐकला होता, आणि तोही मराठीत. तो गळा नंदू भेंडे यांचा.

घर नाटकवाल्यांचं. वडील आत्माराम भेंडे यांनी बबन प्रभूंच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’सारख्या फार्सांनी महाराष्ट्राला पोट धरून हसवलं, आई आशा भेंडेही रंगभूमीवरच्या. मुलाचा कान मात्र इलेक्ट्रिक गिटारकडे. मुंबईत ‘वेल्वेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’ अशा बँडांतून तो गाऊ लागला.

१९७४मध्ये अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ मुंबईत उभं केलं आणि नंदू त्यात जुडास झाला. या रॉक ऑपेरात गद्य संवाद जवळजवळ नाहीतच. सांगायचं ते सुरातच. सुरुवातीला गिटारचा एक तुकडा घुमतो आणि पाठोपाठ जुडासचं गाणं येतं. त्यात मित्राबद्दल माया आहे, त्यानं धरलेल्या वाटेची धास्तीही आहे. दबलेला सूर चढत चढत किंकाळीपर्यंत न्यायचा, आणि ती किंकाळी जुडासची वाटली पाहिजे. नुसता गाणारा इथे तोकडा पडतो.

मग १९७८. पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणला. जॉन गे यांनी १७२८मध्ये लंडनमध्ये सादर केलेलं नाटक ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी १९२८मध्ये बर्लिनला नेलं; पु. ल. देशपांड्यांनी ते मराठीत आणलं. ब्रेख्तचा मॅकहीथ इथे अंकुश झाला आणि अंकुश झाले नंदू भेंडे. भास्कर चंदावरकर, आनंद मोडक यांच्यासोबत संगीतातही त्यांचा वाटा होता. लोकगीताचा ठेका, नाट्यपदाची फिरत आणि पाश्चात्त्य पॉप एकाच खेळात नांदले.

रॉक गाणारा माणूस अभिनय करतो, याचं मराठी प्रेक्षकाला नवल वाटायचं कारण नाही. केशवराव भोसले, बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर हे सगळे गायक नटच. पद रंगवताना भूमिका सुटता कामा नये, ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. नंदू भेंडे त्याच परंपरेतले; ऑर्गनच्या जागी गिटार आली, एवढंच.

१९८२च्या ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ त्यांच्याच आवाजातलं. ते गाणं आजही अनेकांना तोंडपाठ आहे, गायकाचं नाव मात्र थोड्यांनाच सांगता येतं.

११ एप्रिल २०१४ रोजी मुंबईत नंदू भेंडे गेले. नव्वदीतले आत्माराम भेंडे तेव्हा हयात होते. पुढच्या फेब्रुवारीत तेही गेले.