हिंजवडीच्या रस्त्याचा नाद

चैत्री पौर्णिमेस म्हातोबाचें बगाड हिंजवडीहून वाकडास जातें. तें पाहण्याच्या निमित्तानें आम्ही मुळशी तालुक्यांतील या गांवीं कन्येच्या घरीं चार दिवस राहिलों. एके काळच्या शेतांच्या जागीं आतां राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान वसलें आहे आणि माण ते शिवाजीनगर या सुमारें २३ किलोमीटरच्या मेट्रोचे खांब मार्गांत उभे आहेत.

उत्सवाचा गजर एका दिवसाचा. रस्त्याचा मात्र अहोरात्र! पहिल्या रात्रीं आम्ही दौहित्राचा पाळणा हालवीत होतों. त्याचा डोळा लागतो न लागतो तोंच रिकामा ट्रक खालच्या खड्ड्यांत आदळे, त्याच्या फळ्या-साखळ्या खणखणत आणि पोर दचकून उठे. दुसऱ्या रात्रीं त्यास मागल्या खोलींत निजविलें. त्या बाजूस काँक्रीटचा रस्ता. खड्डा एकहि नाहीं, तरी भरधाव मोटारींची शीळ खिडकींतून येतच राहिली. वाहनें तींच, मग नाद भिन्न कां?

कारण असें : वेग मंद असतां इंजिन ऐकूं येतें, परंतु ताशीं ४०-५० किलोमीटरच्या पुढें मोटारीचा बहुतेक आवाज टायर व रस्ता यांच्या स्पर्शांतून निघतो. काँक्रीटवर चाक घसरूं नये म्हणून आडव्या रेघा ओढतात. त्या समान अंतरावर असल्या म्हणजे टायर ठराविक गतीनें कंप पावतो व एकच सूर उमटतो. रेघा रस्त्याच्या दिशेनें ओढल्यास तो पुष्कळ मावळतो. हॉलंडांतील राजमार्गांवर बहुतांशीं सच्छिद्र डांबर आहे. त्याच्या पोकळ्यांत नाद जिरतो. येथें मात्र बांधकामांची माती तीं छिद्रें लवकरच बुजवील. तेव्हां खड्डे वेळींच भरावे, रेघा विचारानें ओढाव्या व रात्रीं वेग आवरावा, हेच आपल्या आवांक्यांतील उपाय.

सन २००० च्या नियमांनीं निवासी भागांत रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. भोंगा वाजविणारास दटावतां येतें; रस्त्यास कोण दटावणार? रस्ता बांधतांना जाणाराची सोय पाहतात. कडेस निजणाराचीहि पहावी, इतकेंच आमचें मागणें.

निघण्याच्या पहाटे बाळ गाढ झोपलें होतें. आम्ही वहाणा हातांत घेऊन जिना उतरलों. रस्त्यावर पाऊल ठेवतों तोंच तो खड्डा वाजला आणि वरून रडें ऐकूं आलें.