चिपमधले सहा बाइट

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४, गोंदिया

शाळांना अजून दिवाळीची सुट्टी आहे, त्यामुळे गोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेचा संगणक कक्ष दिवसभर मोकळा मिळाला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाची कापणी चालू आहे आणि गावोगावच्या पारावर मंडईचे आणि नाटकांचे फलक लागलेत.

या कक्षात नेहमीचे डबे नाहीत. मॉनिटरच्या पाठीला तळहाताएवढे बोर्ड बसवलेत, त्यांत मेमरी कार्ड आणि कार्डावर लिनक्स. शाळेतल्या मॅडमची तक्रार नेमकी होती : "एकाचं नेट सुरू झालं की दुसऱ्याचं जातं, सर. मुलं म्हणतात, तू बंद कर म्हणजे माझं चालेल." आधी केबल बदलून झाल्या होत्या, मग स्विचही नवा आणला होता. मी दोन बोर्डांवर हार्डवेअर पत्ता विचारला. बाराच्या बारा अंक सारखे. तिसऱ्यावर तेच, चौथ्यावरही तेच.

स्विच बिचारा काय करणार? कोणत्या पत्त्याची फ्रेम कोणत्या पोर्टातून आली, एवढंच तो टिपून ठेवतो आणि उत्तर त्या पोर्टाकडे पाठवतो. एकच पत्ता दोन पोर्टांतून बोलू लागला की त्याची नोंद सारखी इकडून तिकडे फिरते. ज्याने शेवटचं काही पाठवलं, त्याला उत्तर मिळतं. बाकीचे वाट पाहत बसतात. आयपी पत्ता वाटणारा राउटरही या सगळ्यांना एकच यंत्र समजून एकच आयपी देतो.

एक बोर्ड घरी आणला आहे.

बुधवार, ६ नोव्हेंबर

बोर्ड भिंगाखाली धरला. इथरनेटच्या सॉकेटजवळ आठ पायांची तांदळाच्या दाण्याएवढी चिप आहे : मायक्रोचिपची २४एए०२ई४८. पाहून बरं वाटलं, कारण बोर्ड बनवणाऱ्याने पत्त्यावर पैसा वाचवलेला नाही. या चिपमध्ये एकूण २५६ बाइट असतात. खालचे १२८ आपण लिहू शकतो. वरचे १२८ कारखान्यातच कुलूपबंद होतात आणि त्यांच्या अगदी शेवटी, २५० ते २५५ या सहा जागांवर, पत्ता कोरलेला असतो.

आय-टू-सी बसवरून ते सहा बाइट वाचले. स्वच्छ, वैध पत्ता. लिनक्स दाखवत होतं त्याहून पूर्ण वेगळा.

म्हणजे बोर्डाला स्वतःचा पत्ता आहे. तो ड्रायव्हरपर्यंत पोचत नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

कारण सापडलं, आणि ते शिकवण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

अशा बोर्डावर इथरनेटचा ड्रायव्हर पत्ता स्वतः शोधत फिरत नाही. तो कर्नलमधल्या एका सामाईक फंक्शनला विचारतो आणि ते फंक्शन डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या नोंदींत, ठरलेल्या क्रमाने पाहतं. आधी 'मॅक-अ‍ॅड्रेस' नावाची नोंद, मग 'लोकल-मॅक-अ‍ॅड्रेस', मग नुसती 'अ‍ॅड्रेस', आणि यांपैकी काहीच नसेल तर शेवटी एनव्हीमेम, म्हणजे ईप्रॉम, फ्यूज किंवा फ्लॅशमधली नेमून दिलेली जागा. पहिला वैध पत्ता मिळाला की शोध थांबतो. चिप या रांगेत सगळ्यात मागे उभी आहे.

पुढे कोण उभं होतं? बूटलोडर. यू-बूट हा इथला बूटलोडर आपल्या चलांमध्ये 'ईथ-अ‍ॅडर' ठेवतो आणि कर्नलला डिव्हाइस ट्री देताना ते मूल्य 'लोकल-मॅक-अ‍ॅड्रेस' म्हणून भरतो. ही चलं कार्डावर साठवलेली होती. पुरवठादाराने एक कार्ड नीट तयार केलं, चालवून पाहिलं, आणि त्याच्या जशाच्या तशा प्रती काढून सगळ्या बोर्डांत घातल्या. पहिल्या बोर्डाचा पत्ता असा साऱ्या वर्गात वाटला गेला.

एनव्हीमेमची ही सोय लिनक्समध्ये २०१५ साली, ४.३ आवृत्तीत आली. त्याआधी प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या पद्धतीने ईप्रॉम वाचत असे आणि तेच काम जागोजागी नव्याने लिहिलं जाई. आता डिव्हाइस ट्रीमध्ये चिपखाली एक कप्पा जाहीर करायचा : सुरुवात २५०, लांबी सहा. इथरनेटच्या नोंदीतून त्या कप्प्याकडे बोट दाखवायचं. चिप कोणत्या कंपनीची, कोणत्या बसवर आहे, हे ड्रायव्हरला ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. मला ही रचना फार आवडते.

बुधवार, १३ नोव्हेंबर

कार्डावरची 'ईथ-अ‍ॅडर' पुसली, डिव्हाइस ट्रीत कप्पा जोडला, बोर्ड सुरू केला. पत्ता चिपमधला आला नाही; तिसराच आला. पुन्हा सुरू केल्यावर चौथा.

अशा पत्त्यात पहिल्या जोडीचा दुसरा अंक बघावा. तो २, ६, ए किंवा ई असेल, तर पत्ता कारखान्यातून आलेला नाही. 'स्थानिक पातळीवर दिलेला' अशी खूण करणारा बिट तिथे लागलेला असतो. इथे ६ होता. ड्रायव्हरने हताश होऊन यादृच्छिक पत्ता घेतला होता.

लॉग वाचल्यावर क्रम उलगडला. इथरनेटचा ड्रायव्हर उठला तेव्हा ईप्रॉमचा ड्रायव्हर अजून उठलाच नव्हता. कर्नलने रीतसर उणे ५१७ हे उत्तर दिलं; अर्थ असा की हवी ती वस्तू अजून तयार नाही, नंतर या. पण बोर्डासोबत आलेल्या जुन्या कर्नलमधला ड्रायव्हर 'नंतर या' आणि 'नाहीच' यांत फरक करत नव्हता. चूक आली की थेट यादृच्छिक. दोन ओळींची दुरुस्ती केली : ५१७ आलं तर तेच वर परत करायचं, म्हणजे कर्नल थोड्या वेळाने ड्रायव्हरला पुन्हा बोलावतो. आता चिपमधला पत्ता येतो, दर वेळी तोच.

दर बूटला नवा पत्ता म्हणजे राउटरच्या लेखी दर बूटला नवं यंत्र. दोन-चार दिवसांत त्याच्याकडचे आयपी संपतात आणि शिक्षक पुन्हा केबल बदलायला लागतात. या दोन ओळी लहान आहेत म्हणून कुणी टाळू नयेत.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

कार्तिक पौर्णिमा. काम नाही, वाचन केलं. ४८ बिटांचा पत्ता हा निर्णय कुणी, का घेतला, ते आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हवं. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले योगेन दलाल झेरॉक्समध्ये होते. रॉबर्ट प्रिंटिस यांच्यासोबत त्यांनी १९८१ मध्ये याच विषयावर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं होतं की क्रमांक यंत्राचा असावा, ते ज्या जाळ्याला जोडलंय त्या जाळ्याचा नसावा. मग यंत्र कुठेही हलवा, कुणाशी टक्कर नाही. त्यासाठी क्रमांक इतका लांब हवा की जगभर वाटूनही पुरेल. वाटप आधी झेरॉक्सकडे होतं, पुढे ते आयईईईकडे गेलं. उत्पादकाला पहिले तीन बाइट मिळतात आणि उरलेल्या तिनांत १,६७,७७,२१६ पत्ते बसतात.

ज्या कल्पनेमुळे कुणालाही हाताने पत्ता भरावा लागू नये, तिला आपण एका कार्डाच्या प्रती काढून मोडतो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

रविवार, १७ नोव्हेंबर

सालेकसा भागातून एक तरुण माझ्या दुकानात राउटर घेऊन आला. "पूर्ण पुसून नवीन टाकलं जी, आता वायफाय दिसतच नाही." त्याने कुठलासा व्हिडिओ पाहून संपूर्ण फ्लॅश पुसली होती. फर्मवेअर, सेटिंग आणि त्यांच्यासोबत 'फॅक्टरी' नावाचं छोटं विभाजनही. पुसलेल्या फ्लॅशमध्ये सगळे बिट एक असतात, त्यामुळे पत्ता वाचला तर बाराही अंक एफ येतात. तो सर्वांना उद्देशून पाठवायचा पत्ता आहे; एका यंत्राचा म्हणून कर्नल तो नाकारतो, आणि तेच योग्य.

पत्ता परत मिळाला, कारण राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर तो छापलेला होता. तो कागद कधी सोलू नये. पण त्याच विभाजनात रेडिओची मोजमापंही होती, कारखान्यात त्या एका नगाला यंत्रावर लावून घेतलेली. ती कुठेच छापलेली नसतात. दुसऱ्या नगाची मोजमापं टाकून वायफाय चालूही होईल, पण ताकद चुकीची. त्याला हे स्पष्ट सांगितलं आणि केबलपुरता राउटर चालू करून दिला.

मोठ्यांच्याही बाबतीत असं घडलंय. २००८ च्या सप्टेंबरमध्ये लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांनी काही इंटेल कार्डांची ईप्रॉम खराब केली. इंटेलच्या या कार्डांत पत्ता पहिल्या तीन शब्दांत असतो आणि पहिल्या ६४ शब्दांची बेरीज ठरलेली, षोडशमानात बीएबीए, यावी लागते. ती जुळली नाही की ड्रायव्हर कार्ड उचलतच नाही. संशय नेटवर्कच्या ड्रायव्हरवर होता. दोष निघाला एफट्रेस या मागोवा घेणाऱ्या सोयीत : मोकळ्या झालेल्या ज्या जागी ती लिहीत होती, तिथे आता कार्डाची स्मृती येऊन बसली होती. त्यानंतर ड्रायव्हर सुरू होतानाच त्या स्मृतीला लेखनबंदी लावू लागला.

पुसण्याआधी ते विभाजन वाचून फाइल बाजूला ठेवायला फार थोडा वेळ लागतो. दुकानातल्या दोन्ही मुलांकडून आज ते हाताने करवून घेतलं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

काल विधानसभेचं मतदान झालं, आज शाळेत गेलो. मूळ कार्डातून 'ईथ-अ‍ॅडर' काढली, दुरुस्त कर्नल घातला, मग प्रती काढल्या. सगळे बोर्ड एकदम चालू केले. स्विचच्या यादीत प्रत्येक पोर्टासमोर वेगळा पत्ता, पहिले तीन बाइट मायक्रोचिपचे. मॅडमनी प्रत्येक बोर्डाचा पत्ता जडवस्तू नोंदवहीत त्याच्या ओळीसमोर लिहून घेतला. हे मला सुचलं नव्हतं, त्यांनीच सुचवलं.

तोच ड्रायव्हर आजच्या कर्नलमध्येही पाहिला. तिथे ५१७ ची नोंद घेतलेली आहे. जुना कर्नल पुरवठादाराचा, म्हणून दोन ओळींचा पॅच त्याला पाठवला आणि कार्डाच्या प्रती कशा काढाव्यात, तेही मराठीतच लिहून दिलं.