स्पितीच्या वाटेवर आंघोळीचं पाणी

रामपूर मागे पडलं की सतलजचं खोरं चिंचोळं होत जातं. किन्नौरमधला हा रस्ता जागोजागी कड्यातच कोरून काढलेला आहे, काही वळणांवर तर खडक थेट डोक्यावर येतो. आमची टेम्पो ट्रॅव्हलर मुळातच उंच, त्यात टपावर काळा पाइप बांधलेला. अशा ठिकाणी नवरा गाडी अगदी हळू काढायचा आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून ‘येऊ दे, येऊ दे’ करायची. त्या पाइपची मला फार काळजी, कारण त्यात आमच्या आंघोळीचं पाणी होतं.

सप्टेंबर संपत आला होता. सिमल्याहून किन्नौर, तिथून स्पिती आणि कुंझुम खिंड ओलांडून मनाली असा बेत. झोपणं, स्वयंपाक, आंघोळ सगळं गाडीतच. पारोसं राहून प्रवास करणं मला जमत नाही. थंड मुलखात ओल्या फडक्याने अंग पुसून चार-चार दिवस काढणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र दिवसभर धूळ खाल्ल्यावर कढत पाणी अंगावर पडलं तरच शांत झोप लागते, आणि उंचावर झोपेची किंमत औषधाहून जास्त आहे. म्हणून पुण्यात गाडी बांधून घेताना गरम पाण्याचा विचार आधी केला, गाद्या-पडद्यांचा नंतर.

“ताई, इन्स्टंट गॅस गीझर टाकू. स्वस्तात होईल, दोन मिनिटांत पाणी,” असं गॅरेजवाल्याने सुचवलं होतं. मी ठाम नाही म्हटलं. त्याचं कारण पुढे येईल. विजेचाही हिशेब मांडून पाहिला. 15 लिटर पाणी 8 अंशांवरून 40 अंशांवर आणायला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज लागते. आमची 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी त्यात सव्वा युनिटही नसतं. म्हणजे एकाच्या आंघोळीत निम्मी बॅटरी संपणार, आणि मग दिवे, पंप, फ्रिज कशावर चालवायचे? उरले दोन मार्ग, ऊन आणि इंजिन.

डिझेल जाळून निघालेल्या उष्णतेचा मोठा वाटा चाकांपर्यंत पोचतच नाही. काही धुराबरोबर जाते, काही कूलंटमधून रेडिएटरवाटे वाऱ्यावर जाते. तापलेल्या इंजिनातलं कूलंट 80-90 अंशांवर असतं. केबिनच्या हीटरकडे जाणाऱ्या नळीला फाटा काढून आम्ही ते एका 20 लिटरच्या स्टीलच्या टाकीतल्या कॉइलमधून फिरवलं. कूलंट कॉइलच्या आत, आंघोळीचं पाणी बाहेर, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. टाकीला जाड इन्सुलेशन आणि दाब वाढला तर उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. घाट चढताना इंजिन तास-दीड तास राबलं की टाकीतलं पाणी 70 अंशांच्या घरात जातं. त्यात 10 अंशांचं तेवढंच पाणी विसण घातलं की 40 लिटर अंगाला सोसेल असं पाणी तयार, आणि त्यासाठी वेगळं डिझेल जाळावं लागत नाही. शॉवरच्या आधी मिक्सिंग व्हॉल्व्ह मात्र हवाच. 70 अंशांचं पाणी कातडी क्षणात भाजतं.

कल्प्याला एका घराच्या अंगणात गाडी लावली. समोर किन्नर कैलास. पहाटे घरातल्या बाई अंगणातला हमाम पेटवत होत्या. हमाम म्हणजे आमच्या आजोळच्या तांब्याच्या बंबाचाच भाऊबंद. मधल्या नळीत लाकडं आणि सफरचंदाच्या छाटलेल्या फांद्या, भोवती पाणी. पण त्याला तोटी नव्हती. वरच्या नरसाळ्यात बाईंनी तांब्याभर गार पाणी ओतलं आणि दुसऱ्या बाजूच्या चोचीतून तांब्याभर वाफाळतं पाणी बादलीत पडलं. नरसाळ्याची नळी आत पार तळाशी जाते. गार पाणी खाली शिरतं आणि वर आलेलं गरम पाणी तेवढंच बाहेर ढकलतं. भांडं कधी रिकामं होत नाही, त्यामुळे जळतही नाही. “जितना ठंडा डालोगे, उतना ही गरम मिलेगा,” त्या म्हणाल्या. आमच्या गाडीतल्या टाकीतही पंप गार पाणी तळाशी ढकलतो आणि शॉवरची नळी माथ्यावरून निघते. मी किती वेळ तिथे उकिडवी बसून ते पाहत होते! शेवटी बाईंनीच एक बादली माझ्यासाठी भरून दिली.

नाको ओलांडून ताबोला आलो. मातीच्या भिंतींचा इथला मठ इ.स. 996 मधला. आतल्या अंधारात डोळे सरावले की भिंतीवरची चित्रं हळूहळू दिसू लागतात. त्याच्यावर स्वतंत्रच लिहायला हवं. इथे सांगायचं ते उन्हाबद्दल. सव्वातीन हजार मीटरवर हवा विरळ आणि आभाळ कोरडं, त्यामुळे ऊन चटके देतं. टपावरचा पाइप चार इंची, दोन मीटर लांब, त्यात पंधराएक लिटर पाणी मावतं. दुपारी तीनपर्यंत ते छान तापलं होतं. गाडीच्या मागच्या दाराला ताडपत्री लावली, पायाखाली रबरी चटई आणि त्यावर पाणी धरायला मोठं घमेलं. आधी अंग भिजवायचं, पाणी बंद, साबण लावायचा, मग पुन्हा पाणी. अशी आंघोळ सहा-सात लिटरमध्ये होते. घरी आपण बादलीभर पाणी सहज ओततो. गाडीत उष्णतेआधी पाणीच जपावं लागतं. चार वाजता वारा सुटला आणि तासाभरात पाइप पुन्हा गार पडला. ऊन आहे तोवरच तो उपयोगी. रात्री तो रिकामा करायचाच, कारण पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि सांधा फोडतं.

काझाच्या पेट्रोल पंपावर एक जर्मन जोडपं भेटलं. त्यांच्या व्हॅनमध्ये डिझेलवर चालणारा हीटर होता. इतक्या उंचीवर हवा कमी आणि डिझेल तेवढंच, त्यामुळे तो काजळी धरून बंद पडत होता. अशा हीटरला उंचीप्रमाणे डिझेल कमी करायची सोय घ्यावी लागते.

लोसरला चार हजार मीटरवर मुक्काम. पहाटे गॅसची शेगडी जेमतेम मिणमिणत होती. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन एकत्र असतात. ब्यूटेनचा शून्य अंशाच्या आसपास फारसा वायू होत नाही, तो तळाशी द्रव होऊन राहतो. नवऱ्याने विचारलं, “इंजिन चालू करून टाकी तापवू का?” मी म्हटलं, “नको रे, उभ्या गाडीत लवकर काही तापत नाही, गावात धूर मात्र होईल.” टाकी उघडून पाहिली, तर आदल्या संध्याकाळचं पाणी अजून कोमट होतं. तोंड-हातपाय धुऊन निघालो. कुंझुमवरून उतरून बातलला पोचलो तोवर टाकीत कढत पाणी होतं.

चंद्रतालला गाड्या तळ्यापासून दूर थांबतात, तळ्याकाठी तंबू ठोकायला मनाई आहे. 2005 पासून हे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. आमचं साबणाचं पाणी गाडीखालच्या टाकीत साठवून मनालीपर्यंत आणलं. निळ्याशार पाण्याकडे पाहिल्यावर दुसरं काही करण्याचं मनातही येत नाही. मनालीजवळ वशिष्ठला जमिनीतूनच कढत पाणी येतं. बायकांसाठी वेगळं कुंड आहे. तिथे गळ्यापर्यंत पाण्यात बसून मी सगळा शीण घालवला.

आता गॅस गीझरबद्दल. बंद न्हाणीघरातल्या गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या थंडीत आपण वाचतो. पुरेशी हवा मिळाली नाही की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतं. व्हॅनची न्हाणी म्हणजे कपाटाएवढी जागा, आणि चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा गाडी बांधून घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ज्याची हवा बाहेरून येत नाही आणि धूर बाहेर जात नाही, असा गीझर गाडीच्या आत लावू नका, कोणी फुकट दिला तरी. आणि पाणी कशावरही तापवा, झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवल्याशिवाय घाट चढू नका.